आठ वाजताची मालिका आणि आठवीचा धडा

२०२३ सालची गोष्ट. दिवाळीची सुट्टी लागायची होती. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती आणि ओसरीत बसून जीवशास्त्राचा धडा मोठ्यानं वाचत होती. शेजारी आमच्या आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या. मुलीनं धड्याचं तेलुगू नाव वाचलं, 'कौमारदश', आणि आत्याबाईंचा हात थांबला.

"काऊन वो बाई, आता शायेत पोरींले कौमार्याचं शिकवतेत काय?"

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरात असे घोटाळे रोजचेच. तेलुगूत कौमारदश म्हणजे वयात येण्याचा काळ. मराठीत कौमार्य म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर आत्याबाईंना अर्थ समजावून देण्याचं धाडस मला झालं नाही. "काही नाही, वयाचा धडा आहे," म्हणून मी वेळ मारून नेली आणि मुलीला म्हटलं, "मनात वाच."

मी तिला कोणताही धडा यापूर्वी मनात वाचायला सांगितलेला नव्हता. उलट मोठ्यानं वाच, म्हणजे लक्षात राहतं, हाच माझा धोशा असे.

आता त्याच ओसरीतली दुसरी गोष्ट ऐका. २०१६ साली आमचं मावला मंडल झालं आणि त्याच वर्षी झी मराठीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. २०२१ पर्यंत ती चालली आणि आमच्या घरी बहुतेक रोज रात्री आठ वाजता लागली. मी ती आवडीनं पाहिली, हे आधीच कबूल करते. माझं माहेर पैनगंगेपलीकडचं, पांढरकवड्याकडचं. मराठी मालिकेतली नायिका म्हणजे पुण्या-मुंबईच्या भाषेत बोलणारी, हे इतकी वर्षं गृहीत धरलेलं. इथं राधिका नागपुरी वळणानं बोलायची, आपल्या बायांसारखी. नवऱ्यानं फसवलं तर ती रडत बसली नाही, मसाल्याचा धंदा उभा केला. आत्याबाई तर तिला घरचीच पोर समजत.

पण त्या मालिकेचा विषय काय होता? लग्न झालेला बाप्या बायकोशी खोटं बोलून दुसरीच्या नादी लागतो, हा. माझी मुलगी सहा वर्षांची असल्यापासून अकरा वर्षांची होईपर्यंत आजीच्या मांडीवर बसून हे पाहत होती. 'अफेअर' हा शब्द ती पाढ्यांच्या आधी शिकली. शनाया पडद्यावर आली की ती आमच्याबरोबर बोटं मोडायची. तेव्हा आत्याबाईंनी विचारलं नाही, "पोरीसमोर हे काय लावलं?" मीही विचारलं नाही. आम्हाला कोणाला 'मनात पाहा' असं म्हणावंसं वाटलं नाही.

मालिकेला मी दोष देत नाही. करमणूक म्हणून ती चांगली होती. माझा प्रश्न आपल्याला आहे. नवरा-बायकोच्या नात्यातली फसवणूक आपण पोरांसोबत जेवता जेवता पाहतो. मग मुलगी वयात येते म्हणजे तिच्या शरीरात काय होतं, एवढं पुस्तकातलं पान आपल्याला का सोसत नाही? मालिकेत प्रेम असतं, लफडं असतं, कधी दिवस जातात. शरीर मात्र नसतं. कशानं दिवस जातात, नको असेल तर 'नाही' कसं म्हणायचं, कोणी अंगाला हात लावला तर कोणाला सांगायचं, यातलं काही नसतं. ते सगळं शाळेच्या धड्यातून यायला हवं, आणि तोच आपण बंद पाडतो.

हो, बंद पाडतो. सुट्टीनंतर शाळेत पालकांची सभा झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले, की बाई वर्गात नको ते शिकवतात, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवतात. दुसऱ्यांनी संस्कृतीचं नाव काढलं. सभेत तेलुगू, मराठी, उर्दू बोलणारे सगळे होते आणि एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या आम्हा लोकांचं या एका बाबतीत दहा मिनिटांत एकमत झालं. अर्ज लिहिला गेला. कागद माझ्यासमोर आला. मीही सही केली, मराठीत, ठसठशीत. त्या धड्याचा राहिलेला भाग बाईंनी 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून दिला.

संक्रांत जवळ आली होती, कापूस वेचणीचे दिवस. मी दिवसभर शेतात. मुलगी दोन दिवस गप्प होती, जेवण टाकत होती. मला वाटलं, परीक्षेची धास्ती. तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीची आई आमच्या दारात आली, तेलुगू बोलणारी, दोन गल्ल्या सोडून राहणारी बाई. मला बाजूला घेऊन म्हणाली, "वदिना, तुमची पोरगी मोठी झाली. तुम्हाला माहीत नाही?" माझ्या पोरीला पाळी आली होती आणि तिनं ते आपल्या आईला न सांगता मैत्रिणीला सांगितलं होतं, तेलुगूत. जुने कपडे लपवून वापरले होते. आपल्याला काही आजार झाला असं तिला वाटलं होतं.

रात्री मी तिला जवळ घेऊन विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "आई, मराठीत त्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं."

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही, फक्त माझं नाव नको." म्हणून हा लेख.

वाचकहो, तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या कानावर मराठीत काय पडलं होतं? 'कावळा शिवला', 'अडचण आहे', 'बाहेरची आहे'. लहान असताना ती खरोखरच कावळा शोधायची. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे मुलगी 'पेद्दमनिषि' झाली, म्हणजे मोठं माणूस झाली, की तिला नवी साडी नेसवून गावजेवण घालतात. त्या समारंभात मुलीला काय वाटतं हा प्रश्न आहेच, आणि तिला खरी माहिती तिथंही फारशी कोणी देत नाही. पण निदान त्या गोष्टीला नाव तरी आहे. आपल्याकडे न्हाण आल्याचा सोहळा मागच्या पिढीबरोबर गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

माझ्या मुलीच्या पाठ्यपुस्तकात एका पानावर तेलुगू आणि समोरच्या पानावर इंग्रजी होतं. तेलंगणाच्या सरकारी शाळांत आता अशी दुभाषी पुस्तकं आहेत. मराठीचं पान त्यात नाही, नसणारच. ते पान घरात आईनं, आजीनं, बापानं भरायचं असतं. आम्ही ते कोरं ठेवलं.

आता विरोध करणाऱ्यांचे मुद्दे घेऊ. ते माझेही होते, म्हणून मला चांगले ठाऊक आहेत.

पहिला मुद्दा, ही पाश्चात्त्यांची थेरं आहेत, मराठी संस्कृतीत हे नव्हतं. हे साफ खोटं आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. वाचक त्यांना खाजगी शंका लिहून विचारत आणि ते छापून उत्तरं देत. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला, पण जे काम मराठीत शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं त्याला परकं कसं म्हणायचं? मराठीत शब्द नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्या मासिकाचे जुने अंक चाळावेत. शब्द आहेत. आपण ते पोरांना दिले नाहीत.

दुसरा मुद्दा, सांगितलं की पोरं बिघडतात. युनेस्कोनं या विषयावरची जगभरची संशोधनं तपासून २०१८ मध्ये शिक्षणासाठी सुधारित मार्गदर्शिका काढली. तिचा निष्कर्ष असा, की अशा शिक्षणानं मुलांचे शरीरसंबंध वाढत नाहीत. युनेस्को लांबची वाटत असेल तर प्राणहितेपलीकडे पाहा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या बायांची तपासणी केली आणि १९८९ साली ते संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग होते. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या बाया होत्या शंभरात आठ. बाकीच्यांनी मुकाट्यानं सोसलं. त्याच राणीताईंनी पुढे तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली, मराठीतून, शरीराचे नकाशे दाखवून, प्रश्नांना उत्तरं देऊन. गडचिरोलीच्या पोरांना जे कळतं ते मावल्याच्या पोरांना कळल्यानं कोणतं आकाश कोसळणार आहे?

तिसरा मुद्दा सर्वांत गोड वाटणारा आहे. हे काम शाळेचं नाही, घरचं आहे. मान्य. मग घरी केलंत का? हात वर करा. सभेत हा प्रश्न कोणी विचारला असता तर माझा हात खाली राहिला असता आणि तुमच्यापैकी बहुतेकांचाही. घरी आपण बोलणार नाही आणि शाळेला बोलू देणार नाही. मग राहतो कोण? मोबाईल. आज आठवीच्या पोराच्या हातात तो आहे. तो जे दाखवतो त्यात ना लाज असते ना माहिती. बाईंच्या धड्यावर आपण अर्ज केला; मोबाईलवर कोणाकडे अर्ज करणार?

२००७ साल आठवा. शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम तिथं थांबवला गेला. इतरही काही राज्यांनी तेच केलं. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. एकाच वर्षी एकीकडे हा आकडा आला आणि दुसरीकडे मुलांना सावध करणारं शिक्षण बंद झालं. याहून मोठा विरोधाभास कोणता?

पुढे २०१२ मध्ये लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा आला. चांगला कायदा आहे. पण तो कधी कामाला येतो? पोर तोंड उघडेल तेव्हा. कोणी, कुठे, कसा हात लावला हे तिला सांगता यावं लागतं. आपण पोरांना डोळा, नाक, कान, गुडघा, घोटा सगळं शिकवतो आणि मधल्या शरीराला 'तिथं' किंवा 'शी' म्हणतो. ज्या अवयवाचं नावच घेऊ दिलं नाही त्याबद्दलची तक्रार पोर कोणत्या तोंडानं करील? सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मुलांविषयीच्या एका निकालात लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. ज्यांना संस्कृतीचं भय वाटतं त्यांनी निदान न्यायालयाचं ऐकावं.

आणि हा अंक वाचणाऱ्या मराठी घरांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. आपण इथं मराठी टिकावी म्हणून धडपडतो. मराठी शाळा मागतो, दिवाळी अंक काढतो, पोरांना रामरक्षा आणि पसायदान पाठ करवतो. त्यात चूक नाही. पण माझ्या पोरीवर पहिल्यांदा बाका प्रसंग आला तेव्हा तिला मराठीनं साथ दिली नाही. तिनं दुसरी भाषा धरली, कारण तिथं शब्द होता. तेलुगूबद्दल माझी तक्रार नाही, त्या शेजारणीचे उपकारच आहेत. तक्रार माझ्या स्वतःबद्दल आहे. जेवायला बोलावायला आणि रागवायला मराठी, आणि मनातलं, अंगावरचं सांगायला दुसरी भाषा, अशी वाटणी झाली तर दोन पिढ्यांत मराठी आपल्या घरात फक्त देव्हाऱ्यापुरती उरेल. ज्या भाषेत पोर आईला आपलं दुखणं सांगू शकत नाही, तिला मायबोली कशी म्हणायची?

गेल्या वर्षी मी शाळेत जाऊन माझी सही मागे घेतल्याचा कागद दिला. चार पालकांना सोबत चला म्हटलं, दोघी आल्या. एकीचा नवरा अजून माझ्याशी बोलत नाही. बाईंना आम्ही विनंती केली, की पुढच्या वर्गाला तो धडा पूर्ण शिकवा, आणि कोणी अर्ज आणला तर आमचंही पत्र त्याला जोडा. त्यांनी काही आश्वासन दिलं नाही. त्यांनाही नोकरी करायची आहे.

घरी मात्र पुस्तक उघडलं. मुलगी तेलुगूत एक वाक्य वाचायची, मी मराठीत सांगायची. गर्भाशय, मासिक पाळी, वीर्य. पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळली, तिसऱ्या दिवशी नाही. आत्याबाई आधी उठून आत जायच्या. मग दाराशी बसू लागल्या. एके संध्याकाळी त्यांनी आतूनच विचारलं, "मंग वो, पोरगं होते का पोरगी, थे बाईच्या हातात नसते म्हणतेस?" मुलीनं उत्तर दिलं, "नाही आजी. ते बापाकडून ठरते." आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना पाठोपाठ चार मुली झाल्या होत्या, आणि त्यापायी त्यांनी काय काय ऐकून घेतलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

रात्रीचे आठ वाजले होते. त्या दिवशी टीव्ही लावायची आठवण कोणाला झाली नाही.