जुना ट्रॅक्टर, नवा श्रेडर : आधी क्लच बघा

कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटी पेटवू नका, बांधावर रचूनही ठेवू नका. राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. श्रेडरने पऱ्हाटीची कुट्टी करून जमिनीत गाडा, हे आम्ही सांगतोच. पण ट्रॅक्टर जुना असेल, तर आधी त्याचा क्लच तपासा.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना सिंगल क्लच असतो. श्रेडरचा जड रोटर एकदा वेगात आला की क्लच दाबल्याबरोबर थांबत नाही. त्याचा जोर पीटीओतून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टरला पुढे रेटतो. समोर विहीर असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणजे पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवावा. सायकलचे पायडल थांबले तरी चाक फिरत राहते ना, तसेच त्याचे काम. मात्र त्याने जोडणीची लांबी वाढते. म्हणून श्रेडर वर-खाली करून शाफ्ट आखूड करावा लागतो का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचे टोक अडकले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे कव्हर काढून ठेवू नका. अडकलेली पऱ्हाटी इंजिन बंद करून, रोटर पूर्ण थांबल्यावरच काढा.

श्रेडर भाड्याने देणाऱ्या गटांनी आधी ट्रॅक्टरचा क्लच कोणता ते विचारावे, मगच अवजार द्यावे. सरपंचांनीही हा विषय ग्रामसभेत घ्यावा. कुट्टी दोन दिवस उशिरा झाली तरी चालेल, माणूस धड घरी आला पाहिजे.