वाजते झकास, पण कोणाच्या हातात?

इलेक्ट्रिक गिटार शिकू पाहणारा आजचा तरुण दुकानाची पायरी चढण्याआधी यूट्यूबवर जातो. पंधरा-वीस हजार रुपयांच्या आतबाहेरची गिटार निवडण्यासाठी तो रात्र रात्र परीक्षणे पाहतो आणि बहुतेक परीक्षणांचा निष्कर्ष एकच असतो : या किमतीत एवढी चांगली गिटार मिळणे हे आश्चर्यच! एकाच बाजारात दर आठवड्याला अशी आश्चर्ये घडू लागली, की ती सांगणाऱ्याविषयी चार प्रश्न विचारणे भाग पडते.

ही स्तुती सर्वस्वी खोटी आहे, असे मात्र नाही. फेंडर या अमेरिकी कंपनीने १९८२ मध्ये जपानमध्ये ‘स्क्वायर’ या नावाने स्वस्त गिटार बनवून घेण्यास सुरुवात केली. गिब्सनसाठी हीच भूमिका ‘एपिफोन’ बजावते. पुढे संगणकनियंत्रित यंत्रे आली, उत्पादन कोरिया, चीन आणि इंडोनेशियाकडे सरकले आणि लाकूड कापण्यातील ढोबळ चुका जवळजवळ नाहीशा झाल्या. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गिटारपेक्षा आजची स्वस्त गिटार कितीतरी सरस आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो परीक्षण पाहून आपल्या घरी येणारी गिटार तीच असते का, हा.

आधी पैशाचे पाहू. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात ट्रेपेनडॉर्फ नावाचे एक लहानसे गाव आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या ‘थोमान’ या वाद्यविक्रेत्याचा कारभार तेथून चालतो. ‘हार्ली बेंटन’ हा त्याच्याच घरचा शिक्का. ही गिटार प्रामुख्याने त्याच्याकडूनच मागवावी लागते. गल्लीतल्या दुकानात ती हाताळता येत नाही, की दोन दुकानांत फिरून तुलना करता येत नाही. अशा वाद्यासाठी व्हिडिओ हीच शोकेस. या गिटारींवरील परीक्षणांचा सुकाळ त्यामुळे स्वाभाविक ठरतो. इंग्लंडमध्ये गिल्डफर्डचे ‘अँडरटन्स’ हे दुकान स्वतःचीच लोकप्रिय वाहिनी चालवते. तेथे निदान विक्रेता आपले नाव लपवत नाही, दुकानदार दुकानदारासारखाच बोलतो.

अवघड प्रकरण आहे ते स्वतंत्र म्हणवणाऱ्या परीक्षकांचे. त्यांना गिटार फुकट वा उसनी मिळते, जाहिरातींतून उत्पन्न मिळते आणि व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरून कुणी खरेदी केली, तर दलालीही मिळते. ही दलाली कोणत्याही गिटारवर मिळत असल्याने ‘अमुकच घ्या’ असे सांगण्याची गरज उरत नाही. ‘काहीतरी घ्या’ एवढे पुरते! तळे राखी तो पाणी चाखी, हा न्याय येथे फार सौम्यपणे चालतो. कोणी खोटे बोलत नाही. वाईट निघालेल्या गिटारचा व्हिडिओच होत नाही, इतकेच. आज कडक टीका केली तर उद्याची नवी गिटार प्रकाशनाच्या दिवशी आपल्याकडे येणार नाही, हे परीक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

कायद्याने यात लक्ष घातले आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच मोबदला वा फुकट वस्तू उघड करण्याचा दंडक घातला आणि २०२४ मध्ये बनावट परीक्षणांवर बंदी घालणारा नियम केला. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये अशा शिफारशींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. पण ‘मला कोणी पैसे दिलेले नाहीत’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही निवाडा झुकलेला असू शकतो. त्याला कोणता दंड लावणार?

आणि तरीही पैसा हे मुख्य दुखणे नव्हे. परीक्षण होते ते एका नगाचे. तो नग कंपनीने वा दुकानाने पारखून, तारांची उंची जुळवून पाठवलेला असू शकतो. आपल्याकडे मिरजेचा तानपुरा घेणारा माणूस लाकूड आणि भोपळा पाहून थांबत नाही. जवारी कशी लागली आहे, ते ऐकतो. गिटारच्या बाबतीत जवळपास तेच महत्त्व ‘सेटअप’ला आहे. बाराव्या फ्रेटवर तार साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंचीवर असली, तर बोटे सहज चालतात. तीच तार आणखी मिलिमीटरभर वर गेली, की नवशिक्याची बोटे सोलवटतात. नेकमधील लोखंडी दांडा किती आवळला आहे, नटच्या खाचा किती खोल आहेत, यांवर हे अवलंबून असते. त्यात हवामानाची भर. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते आणि मग फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात मऊ वाटलेली कड नागपूरच्या उन्हाळ्यात करवतीसारखी लागू शकते. परीक्षकाची गिटार यांपैकी कशातूनही गेलेली नसते.

याची किंमत मोजतो तो नवशिका. अनुभवी वादकाला दोष वाद्यात आहे हे कळते आणि तो पाना हाती घेतो. नवशिक्याला वाटते, दोष आपल्यातच आहे. सगळ्यांनी वाखाणलेली गिटार आपल्याच हातात वाजत नाही, म्हणजे आपल्याला संगीत जमणारच नाही, असे ठरवून तो ती पलंगाखाली सारतो.

आवाजाचे काय? गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो पेलवत नाही. त्याआधी तो गिटारच्या कितीतरी पट महागड्या अॅम्प्लिफायरमधून, मायक्रोफोनमधून आणि आवाज दाबून लहान करणाऱ्या संगणकी प्रक्रियेतून गेलेला असतो. शिवाय वाजवणारी बोटे वीस वर्षांच्या रियाजाची. नॅशव्हिलचे वादक जिम लिल यांनी तर दोन बाकांमध्ये नुसत्या तारा ताणून, खाली पिकअप लावून, गिटारशिवाय गिटारचा आवाज काढून दाखवला होता. हा व्हिडिओ मात्र विश्वासार्ह म्हणावा असा. त्यात मत कमी होते आणि कोणीही करून पाहावा असा प्रयोग जास्त.

तेव्हा परीक्षणाकडे कानाने कमी आणि डोळ्याने जास्त पाहावे. काट्यावर ठेवून सांगितलेले वजन, फ्रेटच्या कडांचे जवळून घेतलेले चित्रण, मागचे झाकण उघडून दाखवलेले जोडकाम, दहा मिनिटे वाजवल्यावर सूर उतरला की नाही, हे दाखवणारा उपयोगाचा. गिटार स्वतःच्या पैशाने घेतलेली असेल, तर अधिक चांगले. सहा महिन्यांनी पुन्हा तीच गिटार घेऊन बसणारा परीक्षक दुर्मीळ. तो सापडला तर आधीचे दहा व्हिडिओ बाजूला ठेवायला हरकत नाही.

एक सल्ला मात्र आपल्याकडे लागू पडत नाही. ‘मागवून पाहा, नाही आवडली तर परत करा’, असे युरोपातील परीक्षक सहज सांगतात. तेथे ऑनलाइन खरेदी कारण न देता चौदा दिवसांत रद्द करण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि थोमान तर तीस दिवस देते. भारतात २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार सदोष वा वर्णनाबरहुकूम नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, पण केवळ न आवडल्यास परतीची सोय त्याच्या धोरणावर अवलंबून असते. तारा उंच असणे हा दोष, की ग्राहकाने करून घ्यायचा सेटअप? या प्रश्नावर विक्रेत्याचे उत्तर पैसे भरण्यापूर्वी आणि लेखी मिळवलेले बरे.