वाट राखणं आणि वर्दळ आणणं

‘लष्करी ताकद असेल तरच शेजारी विचारतात, व्यापार आणि संस्कृती ही मध्यम देशांनी करून घेतलेली मनाची समजूत’, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. या मताला मावळात आधारही सापडेल. घाटवाटांवर नजर ठेवायला लोहगड, विसापूर लागलेच, हे मला मान्य आहे. पण गड फक्त वाट राखतो. त्या वाटेवर दूरदूरची माणसं का आली, याचं उत्तर कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहात आहे.

तिथले लेख वाचावेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याचा सातिमित, धेनुकाकटचे यवन असे निरनिराळ्या मुलखांचे दाते एका डोंगरात एकत्र आले. असं दान धाकदपटशानं मिळत नसतं.

यावर कुणी म्हणेल, ‘हा धर्माचा मामला, राजकारणाशी त्याचा संबंध काय?’ संबंध त्याच भिंतींवर कोरलेला आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इथं वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंसाठी, पंथभेद न करता, करजिक गाव दिलं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली सापडलेल्या नहपानाच्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा आहे. तरी करजिक गाव भिक्षूंकडेच राहावं, असा मामलच्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला दिलेला राजादेश कार्ल्यात आहे. अभ्यासक तो गौतमीपुत्राचाच मानतात. नाण्यावरची सत्ता बदलली, दिलेला शब्द टिकला. मला यात भाबडेपणा दिसत नाही. वर्दळीची किंमत ओळखणारा राज्यकर्ता दिसतो.

‘ते जुनं झालं’ हा आक्षेपही टिकत नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, तेव्हा देश परतंत्र होता. तरीही योगाचा शास्त्रीय अभ्यास करायला अमेरिकेच्या येल विद्यापीठातले कोवूर बेहानन इथं येऊन राहिले आणि 1937 साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. 2014 साली योगदिनाचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला, तेव्हा 177 देश सहप्रस्तावक झाले. अशा संस्थांच्या अनेक दशकांच्या कामाशिवाय ठरावाला एवढं बळ आलं नसतं.

दक्षिण कोरियाकडे पाहा. सीमेवर कायमचा तणाव असलेल्या या देशानं सैन्य राखलंच. शिवाय मोटारी, मालिका आणि संगीत यांतून आशियाभर ओळख कमावली. ह्युंदाईनं 2023 साली तळेगावचा मोटार कारखाना घेण्याचा करार केला. कोरिया मावळात पोचला तो व्यापाराच्या वाटेनं.

आपणही या वाटेनं जाणीवपूर्वक जावं. श्रीलंका, थायलंड, जपान इथल्या बौद्ध यात्रेकरूंना कार्ल्याचे लेख त्यांच्या भाषेत तिथेच वाचायला मिळावेत. तळेगावात येणाऱ्या परदेशी उद्योजकाला भाजे, बेडसे इथली लेणी दाखवणं हा पाहुणचाराचा नियमित भाग व्हावा. आणि सरकार बदललं म्हणून शेजाऱ्यांशी केलेले करार मोडू नयेत. मध्यम सत्तेची पत अशा पाळलेल्या शब्दांवरच उभी राहते.