संगणक सुरू होत नाही? फॉरमॅटची घाई नको

बटण दाबावे, निळा पडदा यावा आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावा. असे दोनदा झाले की घरात निदान ठरते, 'व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारा!' पण फॉरमॅटबरोबर मुलीचा प्रकल्प, लग्नाचे फोटो आणि आजोबांचा टेपवरून उतरवलेला आवाजही जातो, त्याचे काय?

डिचोली तालुक्यातले पाळी हे खाणपट्ट्यातले गाव. अशा ठिकाणी पहिला संशय धुळीवर घ्यावा. मराठीत धूळ, कन्नडमध्ये धूळु. संगणकाला दोन्ही सारखीच बाधते. पंखा चोंदला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून यंत्र आपणहून बंद पडते. घरचा डेस्कटॉप असेल तर प्लग काढून डबा उघडावा, मऊ ब्रशने धूळ झाडावी. पावसाळ्याच्या दमट हवेत रॅमच्या टोकांवर थर धरतो. पट्टी काढून टोके खोडरबराने हलकेच पुसावीत व ती घट्ट बसवावी. पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून मग बटण दाबावे.

तरीही अडले तर 'सेफ मोड' पाहावा. यात विंडोज अगदी गरजेपुरतेच प्रोग्राम घेऊन उठते. जुन्या विंडोजमध्ये त्यासाठी एफ-८ दाबत. विंडोज १० व ११ मध्ये सुरुवात लागोपाठ दोन-तीनदा फसली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. सेफ मोडमध्ये संगणक नीट चालला, तर दोष बहुधा नव्याने टाकलेल्या एखाद्या प्रोग्रामचा किंवा ड्रायव्हरचा असतो. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. कारण व्हायरस नव्हता, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचेच सदोष अपडेट होते!

म्हणून व्हायरस नसतोच असे नव्हे. ऑगस्ट २००३ मधला 'ब्लास्टर' मिनिटभराची मुदत देऊन संगणक बंद पाडायचा. १९९१ मध्ये सापडलेला 'मायकेलअँजेलो' तर डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे उंबरठ्यावरच दडून बसे. अशा व्हायरसांच्या काळातच पुण्यात कैलास व संजय काटकर बंधूंच्या दुरुस्तीच्या दुकानातून 'क्विक हील' उभे राहिले.

दडलेला व्हायरस विंडोज चालू असताना हाती लागेलच असे नाही. त्यासाठी 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन 'ऑफलाइन स्कॅन' निवडावा. विंडोज पूर्ण उठण्याआधीच तो सुमारे पंधरा मिनिटांत तपासणी करतो. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीतली अनोळखी नावेही बघावीत. फोटो म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट 'ईएक्सई' असेल तर ती उघडू नये. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हेही ध्यानात असू द्यावे.

संगणक एकदा का उठला, की आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. मग वाटल्यास खुशाल फॉरमॅट मारावा.