आपले कार्ड, आपल्या नावाचे

आपल्या मोहल्ल्यात घराघरांतून किती व्यवसाय चालतात याची मोजदाद कोणी करत नाही. कुणी सलवार-कमीज शिवते, कुणी मेंदी काढते, कुणी पहिली ते चौथीच्या मुलांची शिकवणी घेते. रमजानमध्ये समोशांच्या ऑर्डरी, ईदला शीरखुर्मा, कोकणात सांदण. कामाची तारीफ सगळेच करतात. पण पाहुणीने विचारले, "हे कोणी केले?" तर उत्तर येते, "त्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भाईंच्या घरातून." मग नंबर शोधण्यात दोन दिवस जातात आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. म्हणून या महिन्यात आम्ही घरच्या घरी कमी खर्चात व्हिजिटिंग कार्ड कसे करावे ते सांगणार आहोत.

आधी हिशेब. एकदम हजार कार्डे हवी असतील तर छापखान्यातच जावे. तिथे एका कार्डाचा खर्च घरच्यापेक्षा कमी पडतो. पण व्यवसाय नवा असेल, नंबर किंवा पदार्थ बदलण्याची शक्यता असेल, तर हजार कार्डे कपाटातच पडून राहतात. सुरुवातीला 50 पुरेत.

आपल्याकडे चालणारे एक नेहमीचे माप म्हणजे 90 मिलिमीटर लांब आणि 55 मिलिमीटर रुंद. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. आडवी दोन आणि उभी पाच, अशी एका पानावर 10 कार्डे बसतात. डावी-उजवीकडे 15-15 आणि वर-खाली 11-11 मिलिमीटर कोरी जागा उरते. म्हणजे 50 कार्डांना पाच पाने. एक पान जास्तीचे घ्यावे, कारण पहिल्या कापणीत हात बसेपर्यंत दोन-चार वाया जातात. समजा, जाड कागद 10 रुपयांना आणि एका बाजूची रंगीत प्रिंट 20 रुपयांना मिळाली, तर कार्ड 3 रुपयांना पडले. दोन्ही बाजू छापल्या तर 5 रुपयांना. भाव गावागणिक वेगळे असतील, पण हिशेब असाच करायचा.

कागद मागताना 'जीएसएम' सांगावे. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, तो हा आकडा. वहीसारखा साधा झेरॉक्सचा कागद 70-80 जीएसएमचा असतो. कार्डासाठी 250 ते 300चा घ्यावा. घरच्या प्रिंटरला इतका जाड कागद चालतो का, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. नाहीतर कागद आत अडकतो. घरच्या शाईच्या प्रिंटरवरची छपाई ओल्या हाताने पुसट होऊ शकते. खाण्याच्या पदार्थांचा व्यवसाय असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट घ्यावी. ती पाण्याने पसरत नाही.

मजकूर जुळवण्यासाठी संगणकावर 'लिबरऑफिस' हे मोफत सॉफ्टवेअर चालते. त्यात बिझनेस कार्डाची सोय तयारच आहे. एक कार्ड रचले की तेच पानभर येते. मराठीसाठी 'मुक्ता' आणि उर्दूसाठी 'नोटो नस्तालिक उर्दू' हे फॉन्ट फुकट मिळतात. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू घेतली तर बाजारातल्या ताईंनाही वाचता येते आणि घरातल्या नानीलाही. नस्तालिकची अक्षरे तिरकी उतरतात, म्हणून दोन ओळींत जास्त अंतर ठेवावे. नाहीतर नुक्ते वरच्या-खालच्या ओळीत घुसतात. छापण्याआधी उर्दूची अक्षरे जोडलेली आहेत ना, हे उर्दू वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावे. काही सॉफ्टवेअरमध्ये ती सुटी आणि उलटी पडतात.

फाइल पीडीएफ करूनच दुकानात न्यावी. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून. फोटोत अक्षरे फुटतात. प्रिंट काढताना 'ॲक्च्युअल साइज' सांगावे. 'फिट टू पेज' ठेवले की माप बदलते. आधी साध्या कागदावर एक पान काढून पट्टीने मोजावे, मगच जाड कागद लावावा. कापताना कात्री नको. स्टीलची पट्टी, कटर आणि खाली जुना पुठ्ठा घ्यावा. एकाच दाबात कापू नये; तीन-चार वेळा हलके पाते फिरवले की कड सरळ येते. कटर मुलांच्या हाती देऊ नये. मजकूर लिहिण्याचे काम मात्र मुलांना द्यावे. मराठीच्या पेपरात जाहिरातलेखन असतेच. इथे त्याचा खरा सराव होतो.

संगणक नसेल तरी अडत नाही. नाव-नंबराचा रबरी शिक्का एकदा करून घ्यावा आणि कापलेल्या कोऱ्या कार्डांवर मारावा. जुन्या दावतनाम्यांचा जाड कागदही चालतो, पण ज्या पानावर बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली आहे, ते कापू नये. याच कारणाने आपल्या कार्डावरही आयत छापू नये असे आम्हाला वाटते. कार्ड खिशातून पडते, केरात जाते. बेअदबी टाळलेली बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कार्डावर नाव कोणाचे? आमच्या शाळेतल्या एका पालक भगिनी शिवणकाम करतात. त्यांच्या पहिल्या कार्डावर नाव मियांचे आणि नंबरही मियांचाच होता. मियां दिवसभर रिक्षावर. फोन आला की ते म्हणत, "संध्याकाळी घरी गेल्यावर विचारून सांगतो." संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? दुसऱ्या कार्डावर त्यांनी स्वतःचे नाव आणि घरात राहणाऱ्या फोनचा नंबर टाकला. हे मियांनीच सुचवले, कारण फोन घेऊन घेऊन तेच कंटाळले होते! मापे विचारणे, तारीख देणे, भाव सांगणे हे सगळे काम करणारीनेच करायचे असते. मग कार्डही तिच्याच नावाचे हवे. त्यात घराच्या इज्जतीला कमीपणा कसला?

काळजी मात्र घ्यावी. घराचा पूर्ण पत्ता छापू नये. मोहल्ला आणि जवळची खूण पुरे, बाकीचे फोनवर सांगता येते. जमल्यास व्यवसायासाठी वेगळे सिम घ्यावे आणि फोन करण्याची वेळ छापावी. स्वतःचा फोटो छापण्याची गरज नाही. पैसे घेण्याचा क्यूआर कोड छापायचा असेल तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा, चारी बाजूंनी पांढरी जागा सोडावी आणि वाटण्याआधी घरातल्या दोन फोनवर स्कॅन करून कोणाचे नाव येते ते पाहावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या भगिनींनी एफएसएसएआयची नोंदणी करून तिचा 14 अंकी क्रमांक कार्डावर टाकला तर अनोळखी गिऱ्हाइकाचाही भरवसा बसतो.

एवढे सगळे एका कार्डावर कोंबू नये. नाव, काम, नंबर, मोहल्ला आणि वेळ एवढे ठळक असावे. शेवटी नंबरचा एकेक अंक दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि कार्डावरून बघूनच तो फोनवर फिरवावा. घरातला फोन वाजला की समजावे, कार्ड वाटायला तयार झाले.