हाताला शौर्य, स्तनाला हौस?

सध्या पोस्टिंग नवा रायपुरात आहे. रुंद रस्ते, अर्धे रिकामे सेक्टर आणि दक्षिणेला बस्तर. तिकडे आयईडी फुटला की जखमी जवानाला हेलिकॉप्टरने रायपूरला आणतात. याच नव्या शहरात २०१८ पासून बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोगाचं रुग्णालय चालू आहे. त्यामुळे चिंधड्या झालेला हात आणि कर्करोगात काढलेला स्तन, दोन्हींच्या गोष्टी इथे कानावर पडतात. एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेबद्दल आपली भाषा किती दुटप्पी आहे, ते इथे राहून जास्तच खुपतं.

जवानाचा अंगठा गेला आणि सर्जनने पायाचं बोट काढून हातावर बसवलं, तर आपण म्हणतो, "वा! डॉक्टरांनी कमाल केली." ओळखीतल्या एका नायब सुभेदाराच्या पत्नीने स्तनाची पुनर्रचना करून घ्यायची म्हटलं, तर घरातूनच प्रश्न आला, "या वयात कशाला हौस?" आणि एका कार्यालयातून कागद परत आला, त्यावर शेरा एकच : 'कॉस्मेटिक'.

मित्रांनो, दोन्ही कामं प्लास्टिक सर्जनचीच. स्तनासाठी पोटाची चरबी आणि त्वचा किंवा पाठीचा स्नायू वापरतात. पोटाचा तुकडा पूर्ण सुटा करून वर नेला, तर दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडाव्या लागतात. पायाचं बोट हातावर आणतानाही हेच करतात. सुई तीच, धागा तोच. मग एक शौर्य आणि दुसरी हौस, हे ठरवलं कोणी?

कोणी म्हणेल, हाताने माणूस कमावतो, स्तनाचं तसं नाही. त्यांना कावसजीची आठवण करून देतो. हा मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैलांचा हाक्या होता. १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातले सर्जन हे तंत्र शिकू लागले. गेलेला हात त्या काळी कोणी परत देऊ शकत नव्हतं. नाक दिलं. आता विचार करा, कापलेल्या नाकानेही श्वास घेता येतो. कावसजीला नाक हवं होतं ते चार माणसांत मान वर करून उभं राहण्यासाठी. त्याला कोणी हौशी म्हटल्याचं ऐकिवात नाही. आपण तर ती गोष्ट अभिमानाने सांगतो. मग चार माणसांत उभं राहण्याची गरज बाईला नसते का?

दुसरा आक्षेप : "जीव वाचला ना, मग बास." हात गमावलेल्या जवानाला म्हणून बघा, "दुसरा आहे ना, मग बास." जीभ रेटणार नाही. तिसरी भीती, पुनर्रचना केली तर रोग उलटतो. ही भीती निराधार आहे. पुनर्रचनेमुळे कर्करोग परतण्याचा धोका वाढत नाही.

आणि नियम? विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यासाठी वगळण्याच्या अटींचा जो प्रमाण मजकूर ठरवून दिला, त्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे खरी. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवली आहे. अमेरिकेत तर १९९८ च्या कायद्याने स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याला पुनर्रचनेचाही खर्च द्यावा लागतो, दोन्ही बाजू सारख्या करण्यासकट. कागद शहाणा झाला, शेरा मारणारं पेन अजून झालेलं नाही.

प्रत्येक बाईने हे करावंच असं माझं म्हणणं नाही. मोठी शस्त्रक्रिया आहे, कधी एकापेक्षा जास्त वेळा टेबलावर जावं लागतं. पुष्कळजणी विचार करून नको म्हणतात, तो त्यांचा अधिकार. पण नको म्हणायला आधी कोणी विचारावं तर लागेल!

म्हणून माजी सैनिकांनो, घरात ही वेळ आली तर स्तन काढायच्या आधीच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. स्तन वाचवून फक्त गाठ काढता येईल का? नसेल तर पुनर्रचना त्याच वेळी करता येईल का? रेडिएशन द्यायचं असेल तर कधी करावी? उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. काही वर्षांनीही ती करता येते. दावा नाकारला तर नियमाचं कलम लेखी मागा, तोंडी उत्तरावर उठू नका. सिव्हिलमधल्या लोकांनीही हेच करावं.

आणि 'स्तन' हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणू नका. हात म्हणताना आणतो का आपण?