उजवी सीता आणि जैमिनीचे प्रश्न

म्हैसूर जिल्ह्यातील कृष्णराजनगर या गावाचे जुने नाव एडतोरे. कन्नड भाषेत ‘एड’ म्हणजे डावे आणि ‘तोरे’ म्हणजे ओढा किंवा नदी. नावातच डावेपण वागविणाऱ्या या गावापासून सुमारे १५ किलोमीटरवर, कावेरीच्या धबधब्याकाठी, चुंचनकट्टे येथे कोदंडरामाचे मंदिर आहे; आणि तेथे सीता रामाच्या उजव्या हाताला उभी आहे. पत्नी ही वामांगी, हा संकेत मूर्तिकाराला ठाऊक असणारच. दर्शनाला येणाऱ्या खेडुतालाही तो ठाऊक असतो. म्हणून प्रश्न उठतो: येथेच असे का? धबधब्याचा घोष मंदिराच्या आवारात ऐकू येतो, पण गाभाऱ्यात शिरत नाही, असेही सांगतात. मग ते का? कोणी एका ऋषीच्या इच्छेचा दाखला देतो. पूजेला बसताना पत्नीला उजवीकडे बसविणारा मराठी यात्रेकरू म्हणेल की, येथे सीता धर्मकार्यातली सहधर्मचारिणी म्हणून उभी असावी. उत्तरे निरनिराळी असतात; प्रश्न मात्र सर्वांचा एकच असतो.

आपल्या विद्यापीठीय समीक्षेत या जातीच्या प्रश्नाला मान नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचे चाहते असल्याच प्रश्नांत रमतात. टोल्कीनच्या बृहत्कथेतील टॉम बॉम्बॅडिल हा कोण, देव की भूत की आणखी काही. बॅलरॉगला पंख होते की नव्हते. यावर त्यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत. समीक्षक या वादांकडे पोरखेळ म्हणून पाहतो. १९३३ साली एल्. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथला मुले किती, असा प्रश्न उपरोधाने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच घातला. नाटकातील पात्रांना जिवंत माणसे समजून त्यांची चौकशी करणाऱ्या टीकेची त्यांनी खिल्ली उडविली, आणि काव्याकडे काव्य म्हणून पाहा, असे बजावले. त्यांचा इशारा त्या काळी आवश्यक होता. परंतु भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो जसाच्या तसा स्वीकारावा काय, याविषयी मला शंका आहे; कारण आपल्याकडे असल्या प्रश्नांतूनच ग्रंथ जन्माला आले आहेत.

मार्कंडेय पुराणाचा आरंभ पाहावा. व्यासशिष्य जैमिनी महाभारत वाचून अडतो आणि चार शंका घेऊन मार्कंडेयाकडे जातो. निर्गुण वासुदेवाने मनुष्यरूप का घेतले? द्रौपदी एकटी पाच जणांची पत्नी कशी झाली? बलरामाने ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त तीर्थयात्रेने का केले? आणि पांडवांसारखे पिते असता द्रौपदीचे पुत्र अविवाहित स्थितीत, अनाथासारखे का मारले गेले? मार्कंडेयाला सवड नाही. तो जैमिनीला विंध्य पर्वतातील चार ज्ञानी पक्ष्यांकडे पाठवितो. एका ग्रंथाने न उलगडलेल्या गोष्टींसाठी दुसरा ग्रंथ रचला गेला, याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे? जैमिनी हा महाभारताचा शत्रू नव्हता, भाबडा भाविकही नव्हता. तो त्या विश्वाचा रसिक होता, आणि रसिक होता म्हणूनच त्याला तेथील फट दिसली.

मराठीत ही परंपरा आधुनिक काळातही चालू राहिली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) धर्मराजाच्या पितृत्वाविषयी उपस्थित केलेली शंका जैमिनीच्या कुळातलीच आहे. विदुर हा धर्माचा अवतार. कुंतीने आवाहन केले तेही धर्मालाच. आणि अखेरीस विदुर योगबलाने युधिष्ठिराच्याच देहात प्रवेश करतो. या तीन सुट्या तपशिलांचा एकमेकांशी संबंध काय? बाईंचे अनुमान ज्यांना पटले नाही, त्यांनाही ते तपशील पुन्हा उघडून पाहावे लागले. टीकेचे याहून मोठे यश क्वचितच असते.

विज्ञानकथेत हा प्रश्न अधिक कडक रूप घेतो. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत एका क्रिकेटपटूच्या देहाचे डावे-उजवे उलटते. हृदय उजवीकडे गेलेला मनुष्य एच्. जी. वेल्स यांच्या कथेत १८९६ सालीच येऊन गेला होता. परंतु जागरूक वाचक तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या शरीरातील प्रथिनांचे घटक एकाच वळणाचे असतात आणि अन्नातील रेणूंनाही तसेच ठरावीक वळण असते. मग आरशातल्याप्रमाणे उलटलेल्या माणसाला आपले अन्न पचेल कसे? आर्थर क्लार्क यांनी १९४६ सालच्या ‘टेक्निकल एरर’ या कथेत नेमक्या याच अडचणीला कथेचा विषय बनविले. पूर्वीच्या कथेने न विचारलेला प्रश्न हा पुढच्या कथेचा गाभा झाला. जैमिनी आणि मार्कंडेय पुराण यांचे नाते याहून वेगळे नाही.

अर्थात सर्व मौने सारखी नसतात. कथेने स्वतःच घातलेला नियम ती पाळत नसेल, तर तो दोष होय आणि वाचकाने तो दाखविलाच पाहिजे. पण काही मौन कथेच्या विस्ताराला जागा देणारे असते. टोल्कीनने १९५४ सालच्या एका पत्रात म्हटले आहे की, कोणत्याही कल्पित युगात काही कोडी राहावीत, आणि बॉम्बॅडिल हे त्याने जाणूनबुजून ठेवलेले कोडे आहे. वाचकाच्या प्रश्नाची कसोटी येथेच लागते: आपण दोषावर बोट ठेवतो आहोत की मोकळ्या जागेवर, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

या प्रश्नांना खरा धोका पोरकटपणाचा नाही. तो वेगळाच आहे आणि त्याचे उदाहरण म्हैसूरजवळच मिळते. पुष्पक विमान उडत कसे असेल, हा रामायणाच्या वाचकाचा रास्त प्रश्न. परंतु भारद्वाज ऋषींच्या नावावर सांगितलेल्या ‘वैमानिक शास्त्रा’ने त्याला यंत्रांच्या आकृत्यांसह उत्तर दिले, आणि १९७३ साली म्हैसूरहून त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासून निष्कर्ष काढला की, तो १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही. तरीही हे उत्तर इतिहास म्हणून आजही मिरविले जाते. असे झाले की दोहोंची हानी होते. इतिहासात खोटे शिरते. आणि पुष्पकाविषयी कुतूहल बाळगणाऱ्या वाचकाचा प्रश्नही संपतो, कारण ज्याला नकाशा मिळाला त्याला कल्पना करण्याचे कारण उरत नाही. जैमिनीला पक्ष्यांनी दिलेली उत्तरे कथारूपच होती. ती महाभारताच्या विश्वातच राहिली, म्हणून नव्या प्रश्नांना वाट मोकळी राहिली.

म्हणून भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना माझी विनंती अशी. मूर्ती पाहणाऱ्याने विचारलेला, पुराण ऐकणाऱ्याने विचारलेला आणि विज्ञानकथेच्या वाचकाने विचारलेला प्रश्न या तिन्हींची नोंद एकत्र करावी. स्थलपुराणे आपण लोकसाहित्यात टाकतो, जैमिनीला संस्कृत विभागात धाडतो, आणि विज्ञानकथेच्या वाचकाला कोठेच जागा देत नाही. तिघांची वृत्ती मात्र एकच आहे: सांगितलेल्या विश्वावर इतका विश्वास, की त्यातील अपुऱ्या जागेपाशी थांबून ‘हे असे का?’ म्हणून विचारावे. चुंचनकट्ट्याच्या सीतेपुढे कोणीतरी हा प्रश्न उद्याही विचारील. त्याला मिळालेले उत्तर लिहून घ्यावेच; पण त्याआधी त्याचा प्रश्न लिहून घ्यावा.